बर्फ पडतो त्या दिवशी सफरचंदाच्या गावात

आपल्याकडे आभाळातून बर्फ आला की शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो. कारण तो येतो गारांच्या रूपाने. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली मराठवाड्यातली आणि विदर्भातली गारपीट कोण विसरेल? हातातोंडाशी आलेले गहू-हरभऱ्याचे पीक झोडपून निघाले. पण आपल्याच देशात असाही मुलूख आहे, की जेथे जानेवारीत बर्फ पडला नाही तर शेतकऱ्याला घोर लागतो आणि पडला तर घरात गोडधोड होते.

हिमाचल प्रदेशातील सिमला जिल्ह्यात कोटगढ-ठाणेदार हा सफरचंदाचा परिसर आहे. अमेरिकेतून येऊन येथेच स्थायिक झालेले सॅम्युअल स्टोक्स यांनी १९१६ साली येथे रेड डेलिशियस जातीची रोपे लावली आणि पुढे या डोंगरउतारांचे नशीब पालटले. २०२० च्या जानेवारीत शेतकऱ्यांच्या एका गटाबरोबर मी तिकडे छाटणी पाहायला गेलो होतो. रात्रीतून फूटभर बर्फ पडला, रस्ता बंद झाला आणि पूर्ण दिवस एका बागायतदाराच्या घरी व त्याच्या शेजारीपाजारी गेला. तेव्हा पाहिलेल्या गोष्टी आपल्या कुटुंबांनाही विचार करायला लावतील अशा आहेत.

घरातला दिवस

घर जुन्या धर्तीचे होते. एक थर दगडाचा, एक थर देवदाराच्या लाकडाचा, अशा भिंती. या बांधणीला तिकडे काठकुणी म्हणतात. खाली गोठा आणि वर राहण्याची जागा. जनावरांच्या अंगची ऊब वरच्या खोल्यांना मिळते. सकाळी आधी गुरांचे पाहिले गेले. कोमट पाणी, कोरडा चारा आणि बसायला कोरडा पाचोळा. हा चारा शरद ऋतूतच कापून, वाळवून रचलेला असतो. बर्फ पडल्यावर वैरण शोधायला निघणाऱ्याचे तेथे निभत नाही.

नळ गोठला होता. ज्यांनी रात्री तोटी थोडी सैल ठेवून पाण्याची बारीक धार चालू ठेवली होती, त्यांच्या घरी पाणी येत होते. स्वयंपाकघरात सिड्डू शिजत होते. आंबवलेल्या कणकेत खसखस, अक्रोड यांचे सारण भरून वाफवायचे आणि वर भरपूर तूप. घरातल्या आजीबाई शेगडीपाशी बसून टकळीवर लोकर कातत होत्या. मुलांना सुट्टीच होती. आपल्याकडे मे महिन्यात असते तशी तिकडे शाळांना हिवाळ्यात मोठी सुट्टी असते.

बागेतला दिवस

बर्फ थांबताच घरातले पुरुष आणि बाया लांब काठ्या घेऊन बागेत गेल्या. ओला बर्फ फांदीवर साचला की ओझ्याने फांदी खांद्यापासून फाटते. वरून झोडपायचे नाही, खालून हलकेच हलवून बर्फ पाडायचा, ही त्यांची रीत. गारांपासून रक्षणासाठी बांधलेल्या जाळ्या हिवाळ्यापूर्वीच गुंडाळून ठेवलेल्या होत्या. नाहीतर बर्फ जाळीवर साचून जाळीही जाते आणि झाडही. छाटणीचे काम मात्र बंद ठेवले होते, कारण कडक थंडीत ताज्या जखमांना इजा होते. शेजारच्या घरात म्हातारी माणसे एकटीच होती. त्यांच्या दारापर्यंतची वाट गल्लीतल्या तरुणांनी आधी फावड्याने मोकळी केली, मग स्वतःची.

बर्फ एवढा हवासा का?

पहिले कारण पाणी. ताज्या बर्फाच्या १० सेंटिमीटर थरातून साधारण १ सेंटिमीटर पाणी मिळते. म्हणजे फूटभर बर्फातून एकरी सव्वा लाख लिटरच्या आसपास पाणी! तेही हळूहळू वितळणारे. पावसासारखे धावत सुटत नाही, माती वाहून नेत नाही, चांगले जमिनीत मुरते. दुसरे कारण असे, की बर्फात हवा अडकलेली असते. त्यामुळे तो गोधडीचे काम करतो आणि खालची माती व मुळे कडाक्याच्या थंडीपासून वाचतात. तिसरे कारण झाडाची झोप. डेलिशियस जातींना हिवाळ्यात ७ अंश सेल्सिअसच्या खालचे सुमारे १,००० ते १,२०० तास मिळावे लागतात. बर्फ पडून थंडी टिकली की हे तास भरतात. झोप अपुरी राहिली तर फुलोरा मागेपुढे होतो आणि फळ कमी धरते. म्हणून तुमच्या दारी कोणी सफरचंदाची रोपे विकायला आला, तर जात कोणती आणि तिला थंडीचे किती तास लागतात, हे आधी विचारा. कमी थंडीवर येणाऱ्या जाती वेगळ्या असतात. बाजारात दिसणारे लालभडक फळ पाहून पैसे मोजू नका.

शेगडीचा धोका

आता सर्वांत महत्त्वाचे. रात्री जेवणे झाल्यावर घरच्या सूनबाईंनी पेटत्या कोळशाची शेगडी उचलून बाहेर नेली. धुराडे असलेली लोखंडी शेगडी तेवढी राहिली. बंद खोलीत कोळसा जळला की कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस झोपेतच बेशुद्ध होतो. उत्तर भारतात दर हिवाळ्यात अशी माणसे दगावतात.

आपल्याकडे बर्फ नाही, म्हणून हा धोका नाही असे समजू नका. बाळंतिणीच्या खोलीत दारे-खिडक्या लावून शेगडी ठेवण्याची चाल अजून अनेक घरांत आहे. कोंबड्यांच्या पिल्लांना ऊब देण्यासाठी शेडमध्ये कोळसा पेटवून राखणदार तेथेच झोपतो. शेक द्यायचा तर खिडकी उघडी ठेवा आणि झोपण्यापूर्वी शेगडी बाहेर न्या. डोके दुखू लागले, मळमळले, गरगरले तर ताबडतोब सर्वांना मोकळ्या हवेत आणा आणि दवाखाना गाठा.

आपला बर्फाचा दिवस म्हणजे पावसाची झड. चार दिवस शेतात पाय ठेवता येत नाही. त्या दिवसांसाठी कोरडी वैरण व सरपण आधीच आडोशाला आहे का, गोठ्याचे छप्पर गळते का, शेजारच्या एकट्या म्हातारीकडे कोण जाणार, हे मृग लागण्यापूर्वी घरात बसून ठरवून ठेवावे. मग झड कितीही लांबली तरी घोर राहत नाही.