सेलवर शिक्का, पॅकवर कुणाचाच नाही

उजनीच्या पाण्याकडेनं करमाळा आणि माढा तालुक्यांत फिरलं, तर बॅटरीशिवाय चालणारी वस्ती शोधावी लागते. केळीवर फवारणी करायचा पाठीवरचा पंप बॅटरीवर. रानडुकरांसाठी बांधाभोवती ओढलेल्या तारेचं झटका मशीन बॅटरीवर. अंधारात होडीतून जाळी काढणाऱ्याच्या डोक्यावरचा दिवाही बॅटरीवरच, आणि घरात पंख्या-टीव्हीसाठी इन्व्हर्टर. शेतीपंपाची थ्री फेज लाईट पाळीनं येते, कधी दिवसा तर कधी मध्यरात्री. उन्हाळ्यात पाणी मागे हटलं की मोटर, पाइप आणि केबल घेऊन त्याच्यामागे जावं लागतं; २०२४च्या उन्हाळ्यात धरण मृतसाठ्याच्याही बरंच खाली गेलं होतं. अशा ठिकाणी वीज साठवून ठेवणं ही चैन नव्हे, तो संसाराचा भाग आहे.

कालपर्यंत हे काम शिशाच्या बॅटऱ्या करत होत्या. जड, वेळोवेळी पाणी मागणाऱ्या आणि काही वर्षांत बसणाऱ्या. आता त्यांच्या जागी लिथियम येत आहे, आणि ते दोन वाटांनी येतं. एक वाट दुकानातल्या सीलबंद पेटीची. दुसरी वाट दुरुस्तीच्या टपरीची: लॅपटॉपचे किंवा इलेक्ट्रिक स्कूटरचे जुने पॅक फोडायचे, त्यातले बरे सेल मीटर लावून निवडायचे, निकेलची पट्टी स्पॉट वेल्डिंगनं जोडायची, वरून निळी प्लॅस्टिकची नळी चढवून गरम हवेनं आवळायची. नव्या पॅकच्या तुलनेत खर्च कमी येतो. काही हौशी मुलं हे व्हिडिओ बघून घरीच करतात. त्यांच्या हातात कसब आहे आणि मला त्याचं मोल वाटतं. पण हा पॅक ज्या क्षणी तयार होतो, त्या क्षणापासून त्याला कुठलाही नियम विचारत नाही, आणि तो रात्रभर चार्जिंगला लागतो ते माणसं झोपलेल्या खोलीत.

धोका कुठे आहे ते आधी आकड्यांत पाहू, कारण नियमांचं मूळ तिथेच आहे. लॅपटॉपमधला दंडगोल सेल १८६५० या नावानं ओळखला जातो: १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब. तो पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट. असे तीन सेल एकापुढे एक जोडले की १२.६ व्होल्ट होतात, म्हणून लोक त्याला ‘बारा व्होल्टचा पॅक’ म्हणतात आणि शिशाच्या बारा व्होल्टच्या बॅटरीच्या जागी बसवतात. चार्जर मात्र जुनाच राहतो. शिशाच्या बॅटरीचा चार्जर १४.४ व्होल्टपर्यंत जातो. तीन सेलांत वाटले तर प्रत्येकी ४.८ व्होल्ट. सेलची मर्यादा ४.२. मधे फक्त एक छोटी हिरवी पट्टी उभी असते, बीएमएस नावाची, जी मर्यादा ओलांडली की प्रवाह तोडते. ती निकृष्ट असेल किंवा जळून चिकटली असेल, तर पुढे काहीच उभं नाही. झटका मशीनचं ‘बारा व्होल्टचं’ सौर पॅनेल चार्ज कंट्रोलरशिवाय जोडलं तर परिस्थिती आणखी वाईट होते, कारण भर उन्हात मोकळ्या टोकांवर ते २१-२२ व्होल्ट दाखवतं.

मर्यादेपलीकडे ढकललेला सेल आतून तापतो. त्याच्या दोन बाजूंमध्ये प्लॅस्टिकचा अतिशय पातळ पडदा असतो, तो साधारण १३० अंशांच्या आसपास वितळतो. पडदा गेला की आतल्या आतच शॉर्ट होतो, उष्णता आणखी वाढते आणि सेल स्वतःच स्वतःला तापवू लागतो. मग चार्जर काढूनही उपयोग नसतो. आतलं द्रव ज्वलनशील आहे, बाहेर पडणाऱ्या वायूंत हायड्रोजन, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन फ्लोराइडसारखं विष असतं, आणि एका सेलची आग शेजारच्याला लागते. जुने, वेगवेगळ्या वयाचे, वेगवेगळ्या कंपन्यांचे सेल एकत्र बांधलेले असतील तर त्यातला सर्वांत थकलेला सेल सर्वांत आधी भरतो आणि सर्वांत आधी मर्यादा ओलांडतो.

त्यात आपल्याकडची हवा. हवामान खात्याच्या रोजच्या तापमानाच्या यादीत करमाळा तालुक्यातल्या जेऊरचं नाव असतं, आणि एप्रिल-मेमध्ये तिथला पारा चाळिशी सहज ओलांडतो. पत्र्याच्या खोलीत दुपारी त्याहून जास्त. बहुतेक सेल-उत्पादकांच्या पत्रकात चार्जिंगची वरची मर्यादा ४५ अंश असते. म्हणजे मे महिन्यात दुपारी पत्र्याखाली ठेवलेला पॅक चार्जिंग सुरू होण्याआधीच काठावर पोचलेला असतो.

आता नियम. आपल्या देशात ते आहेत, आणि २०२२ नंतर बरेच कडक झाले आहेत. त्यामागे माणसं गेलेली आहेत. सप्टेंबर २०२२मध्ये वसईत स्कूटरची बॅटरी काढून घरात चार्जिंगला लावली होती. पहाटे तिचा स्फोट झाला आणि भाजलेला सात वर्षांचा मुलगा वाचला नाही. त्याच महिन्यात सिकंदराबादेत इलेक्ट्रिक दुचाकींच्या दुकानात लागलेल्या आगीचा धूर वरच्या लॉजमध्ये शिरून आठ जण दगावले. त्या वर्षी केंद्रानं एआयएस-१५६ हे दुचाकी-तीनचाकींच्या बॅटरीचं मानक सुधारलं. ही मानकं छापणारी संस्था पुण्यातलीच, वेताळ टेकडीवरची एआरएआय. सुधारणा दोन टप्प्यांत लागू झाल्या, डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अखेर. त्यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती चाचणी अशी: पॅकमधला एक सेल मुद्दाम पेटण्याच्या अवस्थेला न्यायचा आणि बाकीचा पॅक पेटत नाही ना हे पाहायचं. म्हणजे मंजुरी मिळते ती अख्ख्या रचनेला: सेलांमधलं अंतर, मधला भराव, वायू बाहेर जायची वाट, तापमान मोजणारे सेन्सर. तोच पॅक फोडून त्यातले चाळीस सेल निराळ्या डब्यात भरले की चाचणीतलं काहीही उरत नाही. सेल तेच असले तरी.

हातात घेऊन वापरायच्या वस्तूंच्या लिथियम सेल आणि बॅटऱ्यांसाठी भारतीय मानक ब्युरोची सक्तीची नोंदणी आहे, मानक आयएस १६०४६. अशा मालावर ब्युरोचं चिन्ह आणि ‘आर’ अक्षरानं सुरू होणारा आठ आकडी क्रमांक असतो. ‘बीआयएस केअर’ या मोबाइल अॅपमध्ये तो क्रमांक टाकला की कोणत्या कारखान्याचा, कोणत्या वस्तूसाठी, नोंदणी चालू आहे की नाही, हे दिसतं. फवारणी पंपाची बदली बॅटरी घेताना दुकानातच उभं राहून हे पाहावं. दोन मिनिटांचं काम आहे.

बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम ऑगस्ट २०२२चे. त्यांत जुन्या बॅटरीची दुरुस्ती करून तिला दुसरं आयुष्य देणाऱ्या व्यावसायिकाची स्वतंत्र व्याख्या आहे आणि त्यानं राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी करणं अपेक्षित आहे. कागदावर टपरीवाला या व्याख्येत बसतो. पण नियम लिहिताना डोळ्यांसमोर कारखाना होता, एक टेबल आणि एक वेल्डिंग मशीन असलेला माणूस नव्हता. घरच्या वायरिंगला बॅटरी-इन्व्हर्टर जोडण्याचं तसंच. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३च्या सुरक्षा नियमांनुसार दिवे, पंखे, फ्यूज बदलण्यापलीकडचं काम परवानाधारक ठेकेदारानंच करायचं. छतावर सौर पॅनेल घेतलेल्यांना हे अधिक लागू आहे. ग्रिडला जोडलेला साधा सौर इन्व्हर्टर महावितरणची लाईट गेली की स्वतःही बंद होतो, खांबावर काम करणाऱ्या वायरमनला उलटा शॉक बसू नये म्हणून. भर उन्हात पॅनेल असूनही घरात अंधार होतो, आणि मग लोक मधे बॅटरी घालायला बघतात. ती जोडणी चुकली तर वायरमनच्या जिवाशी खेळ होतो.

बाहेरच्या जगात यावर स्पष्ट बोललं गेलं आहे. न्यूयॉर्क शहरात २०२३ या एका वर्षात लिथियम बॅटरीच्या आगींत १८ माणसं मेली. त्याच वर्षी शहरानं वापरलेल्या पॅकमधले सेल काढून नवे पॅक बांधायला आणि विकायला बंदी घातली. ब्रिटनचं २०२४चं घरगुती बॅटरीचं मार्गदर्शक मानक, पीएएस ६३१००, बॅटरी झोपायच्या खोलीत, माळ्यावर, जिन्यात किंवा बाहेर पडायच्या वाटेवर नको म्हणतं. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचं मानक २०१९चं, तेही राहत्या खोल्या टाळायलाच सांगतं.

न्यूयॉर्कची बंदी उचलून इथे आणावी असं मला वाटत नाही. तिथे अग्निशमन दलाच्या गाड्या काही मिनिटांत दारात येतात. उजनीकाठच्या वस्तीला बंब यायचा तो करमाळा, कुर्डुवाडी किंवा इंदापूरच्या नगरपरिषदेचा, नाहीतर जवळच्या साखर कारखान्याचा, आणि शेवटचा टप्पा कच्च्या रस्त्याचा. इथे बंदी घातली तर टपरीवरचं काम मागच्या खोलीत जाईल, इतकंच. त्याऐवजी तालुक्याच्या आयटीआयत पॅकबांधणीचा छोटा अभ्यासक्रम हवा, तो केलेल्याला प्रदूषण मंडळाची सोपी नोंदणी हवी, आणि बांधलेल्या प्रत्येक पॅकवर चार गोष्टींची चिठ्ठी सक्तीची हवी: सेलचं रसायन, चार्जरचे व्होल्ट, तारीख, बांधणाऱ्याचं नाव. रेडिओ-टीव्ही दुरुस्ती, मोटर वायंडिंग या कला आपल्या खेड्यांत अशाच शिकण्यातून पक्क्या झाल्या.

तोवर घरानं स्वतःसाठी काही नियम करावेत. घरासाठी साठवण करायची तर लिथियम आयर्न फॉस्फेट हेच रसायन मागावं. त्याचा सेल ३.२ व्होल्टचा, चार मिळून १२.८, पूर्ण भरल्यावर १४.६, ते पेटायला अधिक तापमान लागतं आणि पेटलं तरी स्वतःहून फारसा ऑक्सिजन सोडत नाही. त्याच्या धुरातले वायू मात्र तितकेच घातक आहेत, म्हणून तेही झोपायच्या खोलीत नको. इन्व्हर्टरवर ‘लिथियम’ अशी निवड असेल तरच तो वापरावा. बॅटरीच्या धन टोकाजवळ डीसीसाठीचाच फ्यूज हवा. घरातला साधा एमसीबी तिथे चालत नाही: एसी प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे तुटताना उडालेली ठिणगी विझते, डीसी कधीच शून्यावर येत नाही आणि ठिणगी जळत राहते. पॅक ओसरीत किंवा वेगळ्या खोलीत, दगडी किंवा सिमेंटच्या जमिनीवर, चाऱ्यापासून आणि खताच्या पोत्यांपासून दूर असावा. होडीतून पाण्यात पडलेला पॅक वाळवून पुन्हा चार्ज करू नये, आतला गंज आठवड्यांनंतरही शॉर्ट करू शकतो.

फुगलेला पॅक, गोडसर उग्र वास, सुईंग असा आवाज किंवा पांढरा धूर, यांपैकी काही दिसलं तर आधी माणसं आणि जनावरं बाहेर काढावीत. जमलं तर मेन स्विच बंद करावा. पॅक उचलून बाहेर नेण्याच्या फंदात पडू नये, तो हातात फुटतो. पावडरचं अग्निशामक ज्वाळा दाबतं पण सेल गार करत नाही, म्हणून थोड्या वेळानं आग पुन्हा उठते. गार करायला भरपूर पाणीच लागतं, तेही वीज तोडल्यावर आणि लांबून. आणि बंबाला फोन करताना पहिल्याच वाक्यात ‘लिथियमची बॅटरी पेटली आहे’ असं सांगावं, म्हणजे येणारे जवान तोंडाला श्वसनयंत्र लावून आणि टाकी भरून येतील.