चष्मा आणि त्याचे घर

नागपूरहून ५० किलोमीटरांच्या आसपास असलेल्या रामटेकला शाळांच्या सहली जातात, सुटीच्या दिवशी कचेऱ्यांतील मंडळी जातात आणि पाठीवर पिशवी टाकून डोंगर धुंडाळणारे विद्यार्थीही जातात. गडमंदिराच्या जवळपर्यंत मोटार पोहोचते खरी. परंतु अंबाळा तलावाच्या बाजूने पायऱ्या चढून जाण्यातील समाधान निराळे, असे मानणारे अद्यापि पुष्कळ आहेत. ‘मेघदूता’तील रामगिरी तो हाच, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादन केल्यापासून आषाढातील ढग पाहावयास येणाऱ्या रसिकांचीही त्यांत भर पडली. या सर्वांत चष्मेवाले किती असतात, हे कोणत्याही सहलीचा समूहफोटो पाहिल्यास कळून येईल.

पिशवी भरताना जो तो वजनाचा विचार करतो. पाणी हवेच, डबा हवाच, पावसाळ्यात छत्रीही टाळता येत नाही. मग वगळले जाते ते चष्म्याचे जाडजूड घर. ‘चष्मा तर डोळ्यांवरच राहणार’, हा युक्तिवाद तयारच असतो. मराठी भाषेने या डबीला मोठ्या मायेने ‘घर’ म्हटले. माणसे मात्र प्रवासाला निघताना ते घर घरीच ठेवून जातात!

तो युक्तिवाद टिकणारा नाही. चढावर घाम येतो आणि चष्मा नाकावरून घसरू लागतो. तोंड धुताना, सावलीत घटकाभर आडवे होताना तो उतरवावाच लागतो. चाळिशी लागलेल्या शिक्षकांचा वाचण्यापुरता चष्मा तर बहुतेक वेळ सदऱ्याच्या खिशातच असतो. बुटाची नाडी बांधावयास ते वाकले, की तो दगडी पायरीवर पडतो. रुमालात गुंडाळून पिशवीत टाकलेल्या चष्म्यावर पाण्याची भरलेली बाटली कलंडली, तर काडी वाकावयास वेळ लागत नाही.

घरी चष्मा मोडला तर गैरसोय होते. गडावर मोडला तर तो पायांचा प्रश्न होतो. उणे ४ नंबराच्या उघड्या डोळ्यास २५ सेंटिमीटरांपलीकडचे स्पष्ट दिसत नाही. उणे ५ असेल तर ही मर्यादा २० सेंटिमीटरांवर येते. पायाखालची पायरी डोळ्यांपासून सुमारे दीड मीटर दूर असते. दुपारच्या ऊन-सावलीत झिजलेल्या दगडाची कड अशा माणसाने ओळखावी कशी? मोठा माणूस निदान तसे सांगतो. लहान मूल घरी बोलणी बसतील म्हणून मोडका चष्मा दप्तरात लपविते आणि मित्राच्या खांद्यावर हात ठेवून उतरू लागते. दुभिंगी चष्म्याची अडचण वेगळीच. त्याचा खालचा भाग वाचण्यासाठी असल्यामुळे खाली पाहिले, की पायरीच अंधुक होते. वयस्करांनी उतरताना दूरचे पाहण्याचा साधा चष्मा लावणे बरे. म्हणजे चष्मे दोन झाले आणि घरेही दोन आली.

ही घरे जड असलीच पाहिजेत असे मात्र नाही. घट्ट फोमची, चेन लावलेली डबी हातात घेतली तर जवळजवळ जाणवत नाही आणि पिशवीतील दाब ती बऱ्यापैकी सोसते. मऊ कापडी पिशवीचा उपयोग ओरखड्यांपुरता. दाबापुढे तिचे काही चालत नाही. तेवढीही खरेदी नको असेल, तर चष्मा सैलसर मावेल अशी घट्ट झाकणाची प्लॅस्टिकची डबी स्वयंपाकघरात सापडते. आत जुन्या सुती धोतराचा धुतलेला तुकडा घातला की काम झाले. डबी पिशवीच्या तळाशी न ठेवता वरच्या कप्प्यात ठेवावी. पॅंटच्या मागच्या खिशात ठेवलेली डबी कितीही भक्कम असली, तरी बसणाऱ्याच्या वजनापुढे ती हरतेच.

आजची बहुतेक भिंगे प्लॅस्टिकची असतात. ती काचेहून पुष्कळ हलकी. परंतु ओरखडे लवकर धरतात. रस्त्यावरच्या धुळीतील वाळूचे कण त्यांच्याहून कठीण असतात. सदऱ्याच्या टोकाने कोरडेच भिंग पुसणे म्हणजे ते वाळूने घासणे होय. आधी थोडे पाणी ओतावे, मग पुसावे. वैशाखातील नागपुरी ऊन हाही भिंगांचा वैरीच. पायथ्याशी बंद करून ठेवलेल्या मोटारीत चष्मा राहिला, तर तापलेले प्लॅस्टिक त्यावरील पातळ लेपापेक्षा अधिक प्रसरण पावते आणि लेपाला बारीक तडे जातात. तेथे डबीही वाचवू शकत नाही; चष्मा बरोबरच न्यावा.

गडावरच्या वानरांचे लक्ष मुख्यत्वे खाऊकडे असते. वृंदावनच्या माकडांप्रमाणे चष्मा पळवून त्याच्या बदल्यात खाणे मागण्याची ख्याती त्यांनी मिळविलेली नाही. तरीही त्यांच्यासमोर पिशवी उघडून डबी काढणे शहाणपणाचे नव्हे. डबीत चष्मा आहे की चिवडा, हे त्यांना कोण सांगणार?

शाळांच्या सहलीच्या सूचनापत्रात पाण्याची बाटली, डबा, टोपी, ओळखपत्र यांची यादी असते. चष्मा लावणाऱ्या मुलांसाठी तीत एका ओळीची भर घालावयास हरकत नसावी: चष्म्याचे घर आणणे, आणि नंबर फारसा बदललेला नसेल तर जुना चष्माही आणून वर्गशिक्षकांकडे देणे. तो शिक्षकांच्या पिशवीत, दुसऱ्या डबीत राहील. मुलाच्या पिशवीत दोन्ही ठेवले, तर पिशवी पडताच दोन्ही जातील.