बारा शब्दांची किल्ली



पती किंवा पुत्र अकस्मात निवर्तला, त्याचे बिटकॉइनचे खाते होते एवढेच घरच्यांस ठाऊक. ते उघडावे कसे, अशी पृच्छा आम्हांकडे होऊ लागली आहे. सबब हा लेखप्रपंच.

प्रथम खाते कोणत्या जातीचे ते पाहावे. पैसा एखाद्या विनिमय कंपनीच्या स्वाधीन असेल, तर मार्ग बँकेसारखाच आहे : ओळखपत्र, मृत्यूचा दाखला, वारसाहक्काचा आदेश. परंतु मयताने किल्ली स्वतःच सांभाळली असेल, तर तेथे ना मॅनेजर, ना कचेरी. ही वही २००९ पासून जगभरच्या असंख्य संगणकांवर लिहिली जात आहे. अर्ज करावा तरी कोणाकडे?

मात्र पासवर्ड विसरला म्हणजे सर्वस्व गेले असे नव्हे. पासवर्ड बहुधा त्या एका फोनचे कुलूप असते. खरी किल्ली म्हणजे बारा किंवा चोवीस साधे इंग्रजी शब्द. २०१३ साली ही पद्धत मांडली गेली. शब्द २०४८ शब्दांच्या ठरीव यादीतलेच असतात. ते क्रमवार सापडले, की नव्या फोनवर खाते पुन्हा उभे राहते आणि पासवर्ड नवा ठेवता येतो. क्वचित मालकाने त्यांवर आणखी एक गुप्त शब्द जोडलेला असतो. मग तोही हवा.

बारांतील एक शब्द पुसला गेला तर? २०४८ शब्द लावून पाहावयाचे. शब्दांतच गुंफलेल्या पडताळणीमुळे त्यांपैकी सुमारे १२८ च उरतात. दोन गेले तर जोड्या सुमारे ४२ लाख. तेही संगणकास जड नाही. बाराही गेले, तर आशा सोडावी हेच बरे.

आपल्या घरांत एक निराळीच अडचण संभवते. या पद्धतीच्या मान्य याद्यांत मराठी नाही, हिब्रूही नाही. कोणी ते शब्द देवनागरीत उतरवले असतील, तर ‘पीस’ म्हणजे शांतता की तुकडा? ‘राइट’ म्हणजे बरोबर की लिहिणे? यादीत हे चारही शब्द आहेत! स्वरचिन्हांवाचून हिब्रूत लिहिले असेल, तर घोटाळा विचारूच नये. अशा वेळी दोन्ही अर्थ लावून पाहावेत. हताश होऊ नये.

म्हणून मयताचा जुना फोन वा संगणक पुसून कोणास देऊ नये. वेल्समधील जेम्स हॉवेल्स यांची हार्ड डिस्क २०१३ मध्ये कचऱ्यात गेली. तीत सुमारे ८,००० बिटकॉइनची किल्ली होती असे ते सांगतात. कचरा-डेपो उकरण्यासाठी ते न्यायालयात गेले. जानेवारी २०२५ मध्ये न्यायाधीशांनी दावा फेटाळला. चिठ्ठी प्रार्थनापुस्तकात, कपाटाच्या कप्प्यात, विम्याच्या कागदांत शोधावी.

आणि ‘शब्द सांगा, आम्ही खाते सोडवून देतो’ असा निरोप आला, तर उत्तरही देऊ नये. शब्द ज्याच्या हाती पडले, पैसा त्याचाच झाला. गेलेला व्यवहार कोणीही उलटवू शकत नाही. शब्द जुळवण्यास मदत हवीच असेल, तर घरच्याच जाणत्या मुलास समोर बसवावे, आणि पडताळणी इंटरनेट तोडलेल्या संगणकावर करावी.