नाण्यावर नसलेले नाव

जुनी युरोपीय नाणी जमविणारा आधी छाप पाहतो, मग वजन. कामगारांत वय घालविलेल्या मला तिसरी गोष्ट पाहाविशी वाटते. आजच्या चेक प्रजासत्ताकातील योआखिमस्थाल येथे १५१६ साली चांदी सापडली. १५२० च्या सुमारास श्लिक सरदारांनी तेथे मोठी नाणी पाडली. एका बाजूस संत योआखिम, दुसरीकडे बोहेमियाचा सिंह. त्या गावावरून ‘थालर’, थालरवरून ‘डॉलर’ शब्द आला. नाण्यावर राजाचे नाव आहे, सरदारांचेही आहे. चांदी खणणाऱ्यांचे नाही. त्याच खाणकामगारांनी १५२५ साली तेथे बंड केले. असे नाणे हाती आल्यास चिंचेने घासू नका; अक्षरे झिजतात. मात्र नोंदवहीत राजाच्या नावाखाली १५२५ हे साल जरूर लिहा.