माळा, माडी आणि मजला

घराच्या वरच्या अंगाला नावे देताना मराठी भाषा मोठी काटेकोर असते. माडी म्हणजे वरचा राहता भाग. तेथे पाहुणा उतरतो, बैठक बसते. माळा म्हणजे कौलांखालची, तक्तपोशीवरची जागा. तेथे कांदे-लसूण, लग्नकार्याची मोठी पातेली आणि मागल्या पिढीचा पाळणा विसावतो. माडीला जिना असतो, माळ्याला बहुधा शिडी. मजला हा शब्द अरबी ‘मंझिल’वरून, म्हणजे प्रवासातील मुक्कामावरून, आलेला. तो केवळ मोजणी करतो; तेथे माणूस राहतो की धान्य, याच्याशी त्याला कर्तव्य नाही.

शेतात पाखरे हाकण्यासाठी उभारलेले मचाणही माळाच. हिंदीतील ‘टाँड’ आणि तमिळमधील ‘परण’ या शब्दांनाही हे दोन्ही अर्थ आहेत. जमिनीपासून उचलून धरलेली फळ्यांची बैठक, एवढीच मूळ कल्पना दिसते.

मुंबईत मात्र ‘तिसरा माळा’ म्हणजे तिसरा मजला. गुजरातीत ‘माळ’ म्हणजे मजलाच. त्या शेजाराचा हा परिणाम असावा. बोलण्यात यामुळे काही बिघडत नाही. कागदावर बिघडते. एका वाटणीपत्रात ‘वरचा माळा धाकट्याकडे’ असे लिहिलेले मी पाहिले आहे. थोरला म्हणे, कौलांखालची अडगळ दिली. धाकटा म्हणे, वरचे सबंध घर. लेखक मुंबईत राहिलेला होता, हे कोणाच्या ध्यानात आले नव्हते. पुढे त्याच कागदात ‘माळ्याचा जिना सामाईक’ असे वाक्य सापडले, आणि त्या घरात जिना एकच, माडीचा! धाकट्याला माडी मिळाली. भावांचे बोलणे मात्र तुटले ते तुटलेच.

पोटमाळा याहून निराळा. तो छपराखाली नसून खोलीच्याच पोटात, भिंतीला धरून घातलेला असतो. आजचे बांधकामाचे नियम ज्याला ‘लॉफ्ट’ म्हणतात तो हाच. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे तो सामानासाठी असून त्याची उंची दीड मीटरहून अधिक नसावी. दीड मीटरांत प्रौढ माणूस ताठ उभा राहत नाही, हे उघडच आहे. पण गिरणगावातील चाळींत दहाबाय दहाच्या खोलीत थोरल्या मुलाचे लग्न झाले की अंथरूण पोटमाळ्यावरच पडे, आणि तेथे वाकून वावरणाऱ्यांसाठी भाषेने वेगळा शब्द काही घडविला नाही.