रायफलचा ट्रिगर बदलायचाय? आधी हे वाचा

2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक जिंकलं. तेव्हापासून आमच्या सांगवीतली पोरं मला विचारतात, "दादा, बोल्ट-अ‍ॅक्शनला बाहेरचा कुठला ट्रिगर बसवायचा?"

या प्रकारात दहा गुणांचं वर्तुळ फक्त 10.4 मिमीचं असतं. ट्रिगर जड असला, की तो ओढताना नळी हलते. म्हणून टार्गेटसाठी मी टू-स्टेज ट्रिगर सुचवतो: आधी बोट सैल सरकतं, मग अडतं; तिथून हलका दाब दिला की गोळी सुटते.

पण 'जितका हलका तितका भारी' असं समजू नका. फार हलका ट्रिगर नुसत्या धक्क्यानेही सुटू शकतो. आपल्याच मॉडेलचा, दाब कमी-जास्त करता येणारा ट्रिगर निवडा. तो परवानाधारक कारागिराकडूनच बसवा; शस्त्र कायदा 1959 नुसार दुरुस्तीच्या धंद्यालाही परवाना लागतो.