डाव किती लावावा? : ऑप्शन व्यवहार आणि केली सूत्र

भारतीय प्रतिभूती आणि विनिमय मंडळाने (सेबी) सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत समभागांच्या वायदे व ऑप्शन व्यवहारांत उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी सुमारे ९३ टक्के तोट्यात गेले. त्यांचा एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. २०२३-२४ मध्ये यांतील ४३ टक्के जण तिशीच्या आतील होते, तर तीन-चतुर्थांशांहून अधिक जणांनी आपले वार्षिक उत्पन्न पाच लाख रुपयांपेक्षा कमी असल्याचे नोंदविले होते.

ऑप्शन खरेदी करणारा आरंभीच एक रक्कम, म्हणजे प्रीमियम, मोजतो. मुदतीअखेर किंमत अपेक्षित पातळीपलीकडे गेली नाही, तर ही संपूर्ण रक्कम बुडते. गेली, तर तिच्या काही पट लाभ होऊ शकतो. या व्यवहाराचे स्वरूप पैजेसारखे असल्याने पैजेसाठी रचलेल्या युक्त्या येथेही वापरल्या जातात.

सर्वांत जुनी युक्ती म्हणजे हरल्यावर डाव दुप्पट करणे. समसमान संधीच्या खेळात एक लाख रुपये घेऊन हजारापासून आरंभ केला आणि सलग सहा डाव हरले, तर ६३,००० रुपये जातात. सातव्या डावासाठी ६४,००० रुपये हवे असतात, हाती उरतात ३७,०००. असे घडण्याची संभाव्यता ६४ मध्ये एक, म्हणजे दुर्मीळ खचितच नाही; आणि एवढी जोखीम कशासाठी, तर हजार रुपयांच्या नफ्यासाठी!

याउलट, अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञ जॉन केली यांनी १९५६ मध्ये मांडलेले सूत्र भांडवलाचा किती हिस्सा लावावा, हे सांगते. हरण्याच्या संभाव्यतेला नफ्याच्या पटीने भागावे आणि येणारी संख्या जिंकण्याच्या संभाव्यतेतून वजा करावी. समजा, जिंकण्याची संभाव्यता ३० टक्के आहे आणि जिंकल्यास लावलेल्या रकमेच्या तिप्पट निव्वळ नफा मिळतो. सरासरीने पाहता हा सौदा शंभर रुपयांमागे वीस रुपये देणारा, म्हणजे अत्यंत आकर्षक. तरीही सूत्राचे उत्तर येते केवळ ६.६७ टक्के.

एवढ्या चांगल्या सौद्यात इतका अल्प हिस्सा का? दहा डावांत तीन विजय व सात पराभव, असा सर्वसाधारण क्रम धरू. प्रत्येक वेळी ६.६७ टक्के लावल्यास एक लाखाचे सुमारे १,०६,६०० रुपये होतात. हिस्सा दुप्पट केला, तर एक लाखाचे जेमतेम १,००,८०० होतात, म्हणजे वाढ जवळपास संपते. अर्धे भांडवल लावणाऱ्याजवळ मात्र सुमारे १२,२०० रुपयेच उरतात. सौदा तोच, संधी तीच; फरक केवळ डावाच्या आकाराचा. केलीच्या निम्मा हिस्सा लावला, तर सुमारे १,०५,००० होतात, म्हणजे निम्म्या जोखमीत तीन-चतुर्थांश वाढ पदरी पडते. व्यवहारात अनेक जण हाच सावध मार्ग निवडतात.

अर्थशास्त्रज्ञ पॉल सॅम्युएलसन यांना हे सूत्र सर्वांसाठी योग्य वाटत नव्हते. जोखमीविषयीची प्रत्येकाची वृत्ती वेगळी असते, हा त्यांचा आक्षेप. मला मात्र खरी अडचण दुसरीकडे दिसते. पत्त्यांच्या खेळात संभाव्यता मोजता येते. शेअर बाजारात ३० टक्के हा आकडा कोणी द्यायचा? वरील उदाहरणात तो २५ टक्क्यांवर आला, की सूत्राचे उत्तर शून्य होते. त्याखाली ते ऋण, म्हणजे व्यवहारच करू नये. त्यात दलाली व करांचा भार वेगळाच. ज्या बाजारात दहांपैकी नऊ जण तोट्यात जातात, तेथे सामान्य ग्राहकाला अनुकूल संभाव्यता लाभते असे गृहीत धरण्यास आधार नाही, आणि ऋण अनुकूलतेचे रूपांतर नफ्यात करणारी डावाची कोणतीही पद्धत गणितात उपलब्ध नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये सेबीने निर्देशांकावरील नव्या कराराचे किमान मूल्य १५ लाख रुपयांपर्यंत वाढविले आणि साप्ताहिक मुदतीचे करार प्रत्येक शेअर बाजारासाठी एकाच निर्देशांकापुरते मर्यादित केले. यामुळे लहान गुंतवणूकदारांचा प्रवेश कठीण झाला, हे उद्दिष्टाशी सुसंगतच होय. तथापि जो तरीही टिकून राहील, त्याच्या तुटपुंज्या भांडवलाचा पूर्वीपेक्षा मोठा हिस्सा एकाच करारात गुंतेल, ही बाजूही या उपायाचे मूल्यमापन करताना तपासावी लागेल.